इत्तु, आम्याल बित्तु

मुलांनो, क्षणभर समजा की तुम्हीच पंच आहात. रायापूरचं मैदान, बेसबॉलची मॅच. तुमच्या पुढ्यात कॅचर मंजुनाथ उकिडवा बसलाय आणि त्याच्या पायाशी एक पांढरी रबरी पाटी आहे. तिला म्हणायचं 'होम'. तिन्ही बेस फिरून जो या पाटीला शिवेल, त्याच्या संघाला एक रन. दोन्ही संघ बरोबरीत आहेत, शेवटचा डाव चाललाय, आणि तिसऱ्या बेसकडून तांबडी धूळ उडवत एक मुलगी तुमच्याच अंगावर धावत येतेय.

आता जरा बाजूला व्हा, कारण तिथं जयतीर्थ सर उभे आहेत.

धावणारी सावनी. संघातली सगळ्यांत बुटकी. वर्षभर खेळली, पण होमपर्यंत कधी पोचली नव्हती. दर वेळी कुठल्यातरी बेसवर अडकून राहायची. चेंडू आला. मंजुनाथनं तो धरला आणि तिला शिवायला वळला. पाटी गाठण्याआधी हातातल्या चेंडूनं शिवलं की आउट, पण शिवताना चेंडू निसटला तर नाही. सावनीनं अंग झोकून दिलं, पोटावर घसरत आली, आणि धुळीत दोघांचं गाठोडं झालं. धूळ बसली तेव्हा मंजुनाथचा हात वर होता आणि हातात चेंडू होता.

"आउट!" सरांनी मूठ उगारली.

मंजुनाथचा संघ नाचायला लागला. "सावने, आंघोळ करून घे जा ग!" कुणीतरी ओरडलं. सावनी उठलीच नाही. पाटीवर कपाळ टेकून तशीच हुंदके देत पडून राहिली.

तिची कॅप्टन वेदश्री पुढं आली. "सर, बॉल पडला होता की."

"हातात आहे तो. दिसत नाही?"

"आता आहे. मघाशी नव्हता. मिसना विचारा की सर."

मिस म्हणजे दुसऱ्या पंच, कविता. पहिल्या बेसपाशी उभ्या होत्या. या खेळाची एक रीत आहे. निर्णय ज्या पंचानं दिला, त्यानं आपणहून विचारलं तरच दुसऱ्यानं सांगायचं. तोवर तोंड बंद. आणि जयतीर्थ सरांनी आजवर कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

सरांनी कविताकडं नुसतं पाहिलं. तिचे हात पाठीमागं होते आणि ओठ गच्च मिटलेले, तोंडात कढत चहा धरल्यासारखे. हे ओठ सरांच्या ओळखीचे होते. फळ्यावर त्यांचं गणित चुकलं, की तेव्हा त्यांच्या वर्गात सातवीत असलेली कविता अशीच बसायची, आणि तास संपल्यावर हळूच येऊन सांगायची. तास संपल्यावर! पण इथं खेळ पुढं गेला की सावनीचा रन गेलाच.

सरांनी टोपी काढली, घाम पुसला आणि मैदानातून चालत कविताकडं निघाले.

"कविता, चेंडू हातात होता?"

कविता गडबडली की कन्नडवर जायची. "इत्तु री, सर." होता.

मंजुनाथच्या संघानं अशी आरोळी ठोकली की झाडावरचे कावळे उडाले. सर मागं वळलेसुद्धा.

"अहो सर, थांबा की! पुरतं ऐका!" कविता धावत आडवी आली. "आम्याल बित्तु!" मग पडला.

"मग म्हणजे कधी?"

"तिला शिवता शिवताच. तिच्या पोटाखाली गेला होता. यानं तिथनं ओढून काढलाय."

"आणि तू गप्प उभी?"

"तुम्ही विचारलंच कुठं, सर?"

सरांना हसू आलं. परत येताना ते लपवत नव्हते. पाटीपाशी येऊन, अगदी पलीकडच्या कुंपणाला टेकलेल्यांनाही दिसेल असे त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले.

"माझं चुकलं. सेफ!"

मग काय विचारता! "इत्तु! आम्याल बित्तु!" पोरी ठेका धरून नाचायला लागल्या.

"मी सांगणारच होतो," मंजुनाथ डोकं खाजवत म्हणाला.

"कधी रे, दिवाळीला?" वेदश्रीनं विचारलं, आणि त्याच्याच संघातली पोरं आधी हसली.

सावनीला सगळ्यांनी उचललं. नखशिखांत तांबडी झाली होती ती, फक्त गालांवर अश्रूंच्या दोन स्वच्छ वाटा. थोडा वेळ ती वर हेलकावे खात राहिली. मग धडपडून खाली उतरली आणि भराभरा तिसऱ्या बेसकडं चालायला लागली.

"अग, कुठं निघालीस?" सर ओरडले. "रन मिळाला तुला! जिंकलात तुम्ही!"

"माहीत आहे सर. पण मघाचं घसरणं सगळं रडण्यात गेलं."

तिसऱ्या बेसवर तिनं फ्रॉकचा घोळ कमरेला खोचला, आणि ती सुटली. मंजुनाथनं वाटेतून टुणकन उडी मारली. सावनीनं पोटावर झोकून दिलं आणि खदाखदा हसत, धुळीचा लोट अंगावर घेत, पाटीवरून पार पलीकडं, सरांच्या दोन पायांमधून निघून गेली.