ओला पाला

"धावपट्टीजवळ आग आहे. उतरता येणार नाही," विमानाने पुन्हा सांगितलं.

"अरे, आग नाही ती! वारा कुठला ते मला कळावं म्हणून गावाने धूर केलाय!" कॅप्टन मृणाल खोब्रागडे खेकसली. सातपुड्यातल्या या माथ्यावर ही पद्धत तिनेच लावून दिली होती, विमानं माणसाचं ऐकायची तेव्हा. आता उतरायचं की नाही, ते विमानच ठरवायचं. मागे सर्पदंशावरचं औषध होतं, खाली बाजेवर साप चावलेली पोर. गावाला कळवावं, तर तिथे फोनला रेंज नव्हती.

"धूर थांबला की उतरू," म्हणत विमानाने आणखी एक घिरटी घातली.

कॅप्टनबाईंना धूर दिसत नाहीये, असं वाटून खाली सगळं गाव धूर दाट करायला आगीवर ओला पाला टाकायला धावलं.