टॉर्च आजीच्या हाती

अंधारात फोटो काढावा तर माझ्या भावानं, विक्कीनंच. कचारगडच्या जत्रेत त्यानं आम्हा घरच्यांना गुहेत आत नेलं, जिथं भरदुपारी शेजारचा माणूस दिसत नाही. फ्लॅश मारला की वटवाघळं उठतात, म्हणून कॅमेरा धोंड्यावर टेकवला आणि त्याचं शटर मिनिटभर उघडं राहील असं लावलं. आजी फोटोला लाजते, तिच्या हाती टॉर्च दिला.

"आजी, सगळ्यायच्या तोंडावरून हळूहळू उजेड फिरवत जा. तू चालत राह्यली त फोटोत दिसत नाही. बाकीच्यायनं हालायचं नाही, कॅमेऱ्याकडंच पाहायचं."

फोटो असा आला की एकेकाच्या पापण्या मोजून घ्याव्या. फक्त आजाचा चेहरा पार फिसकटला होता.

"आजा, तू काऊन हालला?"

"बुढी धोंड्यायवरून चालून राहिली होती अंधारात. पडली असती तं?"

आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेऊन सगळा निरखला. "बरं झालं, मी कुठीच नाही यात."

विक्कीनं आजाच्या फिसकटलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "हे पाह्य, इथं आहेस."