आळीच्या तोंडचं घर

"चपला भाईर काढा," सुंदरा म्हणाली.

सरिताबाई चपलांसकट ओटी चढल्या आणि न विचारता खाटेवर बसल्या.

शहापुरातली ही शाळेची आळी. एका अंगाला शाळा, समोर वाचनालय, टोकाला नाटकाचा रंगमंच. पूर्वी इथे भाताची खळी होती. आटगावपासून मुरबाडपर्यंतची पोरं इथे शिकून मार्गी लागली. परीक्षा आल्या की भातसानगरची मुलं अजूनही वाचनालयाच्या पायऱ्यांवर अभ्यासाला बसतात. आता शाळेच्या संस्थेला हे सगळं पाडून सहा मजली इमारत उठवायची होती. खाली दुकानं, वर क्लासेस. पण रस्ता अरुंद, आणि आळीच्या तोंडाशी सुंदराचं घर. ते मिळाल्याशिवाय बांधकामाला परवानगी नव्हती.

संस्थेचा सचिव शेखर एकदा समजवायला आला, तेव्हा सुंदराने त्याच्यावर शेणपाणी फेकलं होतं. सरिताबाईंनी तिच्या मुलाला, रोशनला, शाळेत शिकवलं होतं, म्हणून मग त्यांनाच पाठवलं जाई. दर खेपेला त्या शिव्या खाऊन रिकाम्या हाताने परत येत. आज शेखर कोपऱ्यावर गाडीत थांबला होता.

"या वासात राहता तरी कशा हो तुम्ही?" सरिताबाईंनी नाकाला पदर लावला. "समोर शाळा आणि दारात शेणाचा ढीग."

एरवी एवढ्यावर सुंदरा पेटली असती. आज ती गुडघे चोळत बसून राहिली.

"बोला काय बोलायचं ते. मी नाय भांडत आज. रोशन म्हणतो, आसनगावला ब्लॉक घेऊ. माझं पाय पण ऱ्हायलं नाय आता. काढा कागद."

सरिताबाईंचा हात पिशवीतच थबकला. मग त्यांनी कागद काढून खाटेवर ठेवले.

"नीट विचार केलात ना? वाचनालय, रंगमंच, सगळं जाईल."

"जाऊ दे की! रंगमंचाला खळं दिलं माझ्या माणसानं. उद्घाटनाला त्याला खुर्ची नाय दिली तुमी. धोतराला चिखल हाय म्हणून पार मागं उभा केला. पाडा एकदाचं. मी बघाया येईन." तिने अंगठा पुढे केला. "शाई लावा."

बाहेर शेखरच्या गाडीचा हॉर्न वाजला. सरिताबाई उठून उभ्या राहिल्या.

"खुर्ची कशाला द्यायची, सुंदराबाई?" त्या सावकाश म्हणाल्या. "कुंडलिकने खळं दिलं ते दारूच्या धुंदीत. शुद्धीवर आल्यावर परत मागायला आला होता. अख्खी आळी हसली होती."

सुंदराचा अंगठा तसाच राहिला.

"माझ्या माणसानं जल्मात थेंब नाय घेतला," ती म्हणाली. "तुमच्या पोरांना जागा दिली त्यानं, आन तुमी..." तिने कागद उचलले, टराटरा फाडले आणि चुलीत कोंबले. "आता माझं मढंच जाईल हितनं! आन रोशनला शपथ घालते, माझ्या मागं पण तुमाला हितली वीट द्यायची नाय! चालती हो, भवाने!"

तांब्या सणसणत आला आणि सरिताबाईंच्या खांद्यावर बसला. त्यांनी तो उचलून ओटीवर ठेवला आणि खाली उतरल्या.

"काय झालं?" शेखरने काच खाली केली.

"नाही म्हणते. कागद जाळले."

"म्हणजे थेरडी मरेस्तोवर थांबा!" त्याने दात खाल्ले आणि गाडी वळवली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर सरिताबाई वाचनालयाकडे गेल्या. आत पोरं खाली मान घालून वाचत बसली होती. ग्रंथपाल पंढरी दारातच उभा होता.

"बाई," त्याने हळूच विचारलं, "वाचलं का आपलं वाचनालय?"

"वाचलं," सरिताबाई म्हणाल्या आणि पायरीवरच बसल्या. "पण आज तिच्या मेलेल्या नवऱ्यालाही सोडलं नाही मी."