खिडकीजवळचं टेबल

“बाई, डोळे आहेत की नाहीत तुम्हाला?” मिस्त्री गरजला. “हे टेबल आहे. करपलेलं पातेलं नाही, तारेच्या घासणीनं खरवडायला!”

घरकाम करणारी मावशी भिंतीला पाठ लावून उभी होती. “मऊ फडक्याशिवाय काही लावलं नाही मी,” ती म्हणाली. सकाळपासून हे तिनं चौथ्यांदा सांगितलं होतं. अकरा वर्षं ती या घरात राबत होती, आणि उद्यापासून येऊ नका, असं मालकीणबाईंनी तिला तोंडावर सांगून टाकलं होतं.

मिस्त्रीचा नुसता तिळपापड झाला होता. तीन वर्षांपूर्वी हे टेबल त्यानंच केलं होतं. लाकडावर बोटभर जाडीचा पारदर्शक रेझिनचा थर, खुशाल तोंड बघून घ्यावं असा. गेल्या आठवड्यात टेबल खिडकीजवळ हलवलं आणि तिरप्या उन्हात एका कोपऱ्यात गोल गोल ओरखडे दिसले. एरवी तो आधी नख फिरवून ओरखडा किती खोल आहे ते बघायचा. आज रागाच्या भरात तेही केलं नाही. गुन्हेगार समोर उभी असताना तपास कसला करायचा!

पाणी मारून त्यानं घासायचा बारीक वॉटर पेपर फिरवला. थर पांढुरका झाला. मग पॉलिश लावून तो पुन्हा लख्ख केला. ओरखडे होते तिथेच. त्यानं चरफडत जाड कागद घेतला. दातओठ खाऊन घासलं. पुन्हा बारीक कागद, पुन्हा पॉलिश. दुपार झाली. ओरखडे हलायला तयार नव्हते.

शेवटी त्यानं नख फिरवलं. ते कुठेच अडलं नाही.

टेबलाला गाल टेकवून तो आडव्या नजरेनं बघत राहिला. ओरखडे थरावर नव्हतेच. थराखाली, लाकडात होते. घासायच्या मशीनचे. टेबल करताना शेवटचा बारीक हात मारायचा त्यानं कंटाळा केला होता आणि वरून रेझिन ओतून मोकळा झाला होता.

मालकीणबाई दारात आल्या. “राहू द्या, मिस्त्री. तुम्ही तरी किती मरमर कराल? हिनं वाटोळं केलं ते केलंच.” एवढं बोलून त्या आत वळल्या.

मिस्त्री हत्यारं आवरू लागला. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण आता त्याला स्वतःचीच चीड आली. तो मावशीजवळ गेला आणि तिच्या कानाशी पुटपुटला, “मावशी, चूक माझी आहे. ओरखडे आतले आहेत. तुमचा काही दोष नाही.”

मावशीनं मान वर केली.

“मघाशी ओरडलात ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं,” ती म्हणाली. “मग हे कानात का सांगताय?”