शेजारी बसणाऱ्याला किती ऐकू येतं

इशिताने तिसरी रायफलही परत दिली.

"हिच्या नळीला आटे नाहीत," ती म्हणाली.

दुकानदार वेनने हसून तिच्या वडिलांकडे, केदारकडे पाहिलं. नळीच्या टोकाला आटे असले तरच त्यावर सायलेन्सर बसतो, हे बारा वर्षांच्या मुलीने कुठून तरी वाचून ठेवलं होतं. केदारलाही ते नवीनच होतं.

अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराबाहेर हायवेलगत हे दुकान होतं. इशिता उन्हाळ्यात शिकारीचा कोर्स पास झाली होती. नोव्हेंबरात हरणांचा सीझन सुरू झाला की शेजारचे हँक तिला आपल्याबरोबर रानात नेणार होते. केदारने तिला झेपेल अशी रायफल घेऊन द्यायची, एवढंच ठरलं होतं.

खरं तर हा नाद तिला त्यानेच लावला. नागपूरहून नोकरीसाठी आलेला केदार ऑफिसातल्या मित्रांबरोबर एकदा रानात गेला आणि रमला. इशिता थोडी मोठी झाल्यावर तिलाही नेऊ लागला. मचाणावर ती त्याला चिकटून बसायची, थर्मासच्या झाकणातून कोको प्यायची आणि हरीण दिसलं की न बोलता त्याची बाही ओढायची. त्याची बायको आसावरी म्हणायची, "घरात हिची बडबड थांबत नाही आणि तिथे तासन् तास गप्प कशी बसते, देव जाणे."

नागरिकत्व मिळाल्यावर केदारने आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे तिथल्या राखीव सैन्यात, नाव घातलं. मग एक दिवस बोलावणं आलं आणि तो इराकला गेला. तिथे ट्रकच्या ताफ्यांबरोबर वर्षभर फिरला. हातीपायी धड परत आला. सगळे म्हणाले, नशीब. केदारही तेच म्हणाला.

त्यानंतर तो रानात गेला नाही. आधी गुडघ्याचं कारण झालं, पुढच्या वर्षी ऑन-कॉल ड्यूटीचं. आपली जुनी रायफल त्याने हँककडे ठेवायला दिली. आसावरीने कधी खोदून विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

वेनने आतून आणखी एक रायफल आणली. "टू-फोर्टी-थ्री. बारीक गोळीची," तो म्हणाला. "मुलांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. दस्ता आखूड आहे, खांद्याला धक्का जेमतेम बसतो. हरणाला मात्र पुरून उरते. आणि हो, आटे आहेत."

इशिताने बोल्ट उघडून आत गोळी नसल्याची खात्री केली. नळी भिंतीकडे धरून दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला. रायफल तिच्याच मापाची होती.

"सायलेन्सर लावल्यावर आवाज किती येतो?" तिने विचारलं.

"सिनेमातल्यासारखं फुस्स होत नाही. आवाज येतो, पण छातीत बसणारा दणका जातो. तुझ्या कानांना काही होणार नाही."

"शेजारी बसलेल्याला?"

"शेजारच्यालाही तसंच. लांब कुठेतरी काठी मोडल्यासारखं."

"मग हीच," इशिता म्हणाली.

"पण एक अडचण आहे," वेन केदारला म्हणाला. "रायफल आज नेता येईल. सायलेन्सरला सरकारची मंजुरी लागते, तीही तुमच्या नावावर. त्यात महिने जातात. हा सीझन काही मिळायचा नाही."

केदारला बरंच वाटलं. "चला, मग प्रश्नच मिटला. इशू, कानांना मफ्स लाव. हँक अंकलही तेच लावतात."

"नको. मी थांबते."

"वर्षभर? एवढा कोर्स केलास तो कशासाठी?"

"इट्स ओके. पुढच्या वर्षी जाईन."

"अगं, हट्ट कसला हा? हलकी रायफल आहे. मफ्स लावलेस की तुला काही त्रास होणार नाही."

"मला होतच नाही, बाबा. हँक अंकलची मोठी रायफल मी फायर केलीय. आय वॉज फाइन."

वेन सायलेन्सरचा नमुना आणायला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. इशिताने रायफल काउंटरवर आडवी ठेवली. मग बापाकडे न बघता हळू आवाजात म्हणाली,

"फोर्थ ऑफ जुलैला सगळे बाहेर फटाके बघत होते. तू बेसमेंटमध्ये ड्रायर लावून बसला होतास. तू वर गेल्यावर मी ड्रायरमधले कपडे काढायला आले. ड्रायर रिकामा होता."

केदारने वेन किती लांब आहे ते पाहिलं.

"मी मम्मीला नाही सांगितलं," ती म्हणाली. "पण मला हँक अंकलबरोबर नाही जायचंय. ते सारखे बोलतात. हरणं पळून जातात."

एवढं बोलून ती रायफलचा पट्टा उगाच सरळ करत राहिली. तिचे कान लाल झाले होते. केदारला वाटलं, काहीतरी हसण्यावारी न्यावं, गुडघ्याचं पुन्हा सांगावं. सांगायची सवय होती, शब्दही तयार होते. ते त्याने गिळले.

वेन परत आला. त्याने काळी नळकांडी काउंटरवर ठेवली आणि पेन उघडलं.

"पोरीच्या कानांची एवढी काळजी घेणारे बाप कमीच," तो म्हणाला. "मग सायलेन्सर हिच्यासाठी, बरोबर?"

"नाही," केदार म्हणाला. "माझ्यासाठी."