घाटाचं औषध

टिकाराम मिस्त्रीनं बॉनेटखालून हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या चिमटीत बोटाएवढा एक काळाकुट्ट तुकडा होता, मागे तार लोंबत असलेला. गुणाकररावांचा चेहरा उजळला. गाडी आजारी निघाल्याचा एवढा आनंद झालेला मालक बालाघाटात दुसरा नसेल.

"म्हणजे घाट बंद," ते बायकोकडे वळून म्हणाले. "मी म्हणतच होतो."

घाटापलीकडच्या बैहरच्या शाळेची हेडमास्तरीण व्हायचं की नाही, हे कालिंदीला आज शिक्षण खात्याचं ऑफिस बंद व्हायच्या आत फोन करून कळवायचं होतं. केस पांढरे होईतो खडू झिजवल्यावर ही खुर्ची चालून आली होती. सोमवारी जायचं, तिथंच खोली घेऊन राहायचं, शनिवारी परत यायचं. गुणाकरराव नाही म्हणाले नव्हते. सरळ नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आधी ते म्हणाले, बसनं तुझी कंबर मोडेल. मग म्हणाले, गाडी जुनी आहे. आणि परवा गाडीत इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

"घासून टाक ना," गुणाकरराव उदारपणे म्हणाले. "घरी दाताचा जुना ब्रश आहे, आणून देतो."

"घासू नका साहेब. याच्यावर लेप राह्यते. तो खरवडला का हे मेलंच समजा."

"पण हे आहे तरी काय?" कालिंदीनं विचारलं.

"नाक म्हणा मॅडम. ऑक्सिजन सेंसर." टिकारामनं तुकडा उजेडात धरला. "इंजिनातून जो धूर निघते, त्यात हवा किती उरली ते हे हुंगते अन् कंप्युटरले सांगते. मंग कंप्युटर पेट्रोल कमी-जास्त सोडते. पण थंडं राह्यलं तं याले काहीच समजत नाही. कडक तापलं पाह्यजे." त्यानं तो फडक्यात गुंडाळला. "साहेब, गाडी उभ्या उभ्या चालू ठेवता का?"

"रोज!" गुणाकरराव छाती फुगवून म्हणाले. "सकाळी पूजा झाली की तिला उदबत्ती ओवाळतो आणि उदबत्ती जळेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. मग बंद करून वर कव्हर. शनिवारी मारुतीच्या देवळापर्यंत नेतो, बस. नव्या नवरीसारखी ठेवली आहे."

टिकारामनं मान खाली घातली. गिऱ्हाइकाच्या भक्तीत दोष काढणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"त्याच्यानंच झालं," तो शेवटी म्हणाला. "तेवढ्यात हे तापत नाही. कंप्युटर आंधळ्यावानी जास्तीचं पेट्रोल सोडून राह्यला, अन् त्याची काजळी याच्यावरच बसून राह्यली."

"मग नवीन बसव."

"बसवू. पण इंजिन ठणठणीत आहे, पह्यले एक करून पाहू. लांब न्या, चढावर न्या. चांगली तापली का काजळी आपोआप जळते. बैहरच्या घाटासारखं औषध नाही. दिवा आजच्या आज नाही विझणार, दोन-चार चकरा लागतील. नाहीच विझला तं मंग नवीन टाकू. अन् पेट्रोल पंपावरचंच भरा, रस्त्यावरच्या डब्यातलं नको. त्यात घासलेट मिसळवतात."

स्वतःच लावलेल्या सापळ्यात माणूस असा अलगद क्वचितच सापडतो.

"कोण नेणार घाटात?" त्यांनी विचारलं.

"मी," कालिंदी म्हणाली.

टिकारामनं सेंसर परत बसवून दिला. कालिंदीनं लायसन काढलं होतं, पण आजवर तिची मजल भाजीबाजारापर्यंतच होती. गांगुलपारा गावाच्या पुढं चढ लागला तेव्हा तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. शेजारी गुणाकरराव दाराचा दांडा धरून बसले होते आणि प्रत्येक वळणावर उजव्या पायानं, तिथं नसलेला ब्रेक दाबत होते. गाडी आधी खोकली, अडखळली. दोन वळणं तिनं दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी काढली. मग इंजिनाचा आवाज मोकळा झाला. सालाची झाडं मागे पळू लागली. पिवळा दिवा अजून लागलेलाच होता, पण तिनं त्याच्याकडे पाहणं सोडून दिलं.

"दम लागला का हिला?" गुणाकररावांनी विचारलं.

"हिला नाही," कालिंदी म्हणाली. "तुम्ही श्वास घ्या."

ते हसले, पण मनापासून नव्हे. "घर खायला उठेल मले," ते बाहेर पाहत पुटपुटले. बस, गाडी, कंबर, या सगळ्यांच्या खाली हेच होतं. तिला ते ठाऊक होतं. तिनं गिअर बदलला.

बैहरच्या बाजारात तिनं एसटीडीच्या दुकानासमोर गाडी लावली. गुणाकरराव खाली उतरले, पाय मोकळे करतो म्हणाले आणि गर्दीत दिसेनासे झाले.

फोन लागला. पलीकडे ऑफिसातले बाबूलाल होते.

"हाँ मैडम, बोलिए. क्या लिखूँ?"

तिला ही खुर्ची हवी होती. किती हवी होती ते घाट चढतानाच तिला कळलं होतं. पण घरात एकट्यानं ताट वाढून घेणारा माणूस डोळ्यांसमोरून हलेना. फोन कानाशी धरून तिनं बाहेर पाहिलं.

काचेतून गाडी दिसत होती. गुणाकरराव परत आले होते. त्यांच्या हातात प्लास्टिकची लाल बादली होती आणि बादलीत पाण्याचा मग. त्यांनी बादली उन्हाकडे धरून कुठं चीर आहे का ते निरखून पाहिलं, कडी ओढून पाहिली आणि ती मागच्या सीटवर नीट बसवली. मग दुकानाच्या काचेवर टकटक करून त्यांनी दार किलकिलं केलं.

"भाड्याच्या खोलीत बादली नसते," ते म्हणाले. "झाडू कोणता घेऊ, विचारायले आलो. लांब दांड्याचा पाह्यजे ना तुले?"

"हैलो? मैडम?" बाबूलाल म्हणाले.

"हौ," कालिंदी म्हणाली आणि ते दोघांनीही ऐकलं.