बावीसपैकी नऊ

चेंडू रेषेवर येऊन थांबला. खडूची रेषा त्याच्या पोटाखाली दिसेनाशी झाली.

“गोल!” सुगतनेच हात वर केले. गोलरक्षकही तोच होता. “हरलो बुवा.”

“नाइन, पापा, नाही! हा गोल नाही.” क्रांतीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

“अगं, तुझाच गोल आहे, घे की! रेषेला लागला म्हणजे झालं. दोरीला चेंडू लागला की चौकार, तसंच.”

“तसं नसतं. गान्झ! अख्खा चेंडू, अख्ख्या रेषेपलीकडे. थोडा जरी अलीकडे राहिला तरी नाही.”

“ऐकलंस का, मैत्री? स्वतःच्याच विरुद्ध निकाल देतेय. अगदी तुझ्यावर गेलीय.”

मैत्री अंगणातल्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने हातातला ओला टॉवेल बादलीत परत टाकला.

“तुला कोणी सांगितलं हे?”

“सगळ्यांना माहीत असतं, आई,” क्रांती म्हणाली आणि चेंडू आणायला पळाली.

मैत्री वर गेली. वही टेबलाच्या खणात होती. मार्च २००६ चं पान. छायाचित्रांवरून अंतरं मोजणं हे तिचं म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या संस्थेतलं रोजचं काम होतं, त्यामुळे हे मोजमाप तिला दोन संध्याकाळींत जमलं होतं. छायाचित्र पंचाण्णव वर्षांपूर्वीचं, एका वर्तमानपत्रातलं, गोलच्या खांबामागून घेतलेलं. आडवा पडलेला माणूस, त्याच्या बोटांपुढे चेंडू. खांबाची जाडी प्रमाण धरून तिने सात वेळा मोजलं होतं. चेंडूची रुंदी बावीस सेंटिमीटर. रेषेपलीकडे गेलेला भाग नऊ. मोजण्यातली चूक, फार तर एक.

तो माणूस याकोब. स्वित्झर्लंडच्या संघाचा गोलरक्षक, दोन सामने. दुसऱ्या सामन्यात पंचाने हा गोल दिला, वर्तमानपत्राने हे चित्र छापलं आणि तिसऱ्या सामन्याला गोलमध्ये दुसराच कोणी उभा राहिला. याकोब म्युनिकला येऊन ट्रामचे डबे धुऊ लागला. चेंडू आत नव्हता, हे मरेपर्यंत सांगत राहिला. त्याची मुलगी, फ्राऊ लेखनर, तळमजल्यावर राहायच्या. वय एकोणनव्वद.

“हो की नाही, एवढंच सांगा, फ्राऊ डॉक्टर,” मार्चमध्ये त्या म्हणाल्या होत्या. टेबलावर छायाचित्राशेजारी दफनभूमीच्या कार्यालयाचा कागद होता. थडग्याची जागा तिथे ठरावीक वर्षांसाठीच मिळते; याकोबच्या थडग्याची मुदत संपत होती. वाढवायची की जागा मोकळी करायची, तेवढी खूण करायची होती. “चाळीस वर्षं मी तिथे पाणी घालतेय. त्यांच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटीच. ते खोटं बोलत असतील तर पुरे झालं. माझे गुडघे गेलेत.”

मोजण्यात किती चूक असू शकते हे दिल्याशिवाय एकही आकडा न लिहिणाऱ्या मैत्रीने तेव्हा आकडा सांगितलाच नव्हता. “हो,” ती म्हणाली होती. “चेंडू आत होता.”

वही घेऊन ती खाली आली. फ्राऊ लेखनरनी दार उघडलं आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. मैत्री बसली नाही.

“चेंडू नऊ सेंटिमीटर आत होता,” ती म्हणाली. “बावीसपैकी. म्हणजे तो गोल नव्हता.”

फ्राऊ लेखनर तिच्याकडे वळल्या. “तुम्ही आत म्हणालात.”

“मला वाटलं, रेषा ओलांडायला लागला की पुरे. आमच्याकडच्या खेळात…” पुढचं तिला जर्मनमध्ये सांगता येईना. मराठीतही आलं नसतं.

“नियम मला माहीत होता. वडिलांनी याच टेबलावर संत्रं ठेवून शिकवला होता. तुम्ही तो धरूनच सांगताय, असं मला वाटलं.”

“तो कागद?”

“त्याच आठवड्यात खूण करून पोस्टात टाकला.”

“परत घेता येईल. सोमवारी मी तुमच्याबरोबर येते. आकड्यांसकट लिहून देते. चूक माझी आहे, असंही लिहिते.”

“दगड गुरुवारी नेला,” फ्राऊ लेखनर म्हणाल्या. “छोटी क्रेन आणली होती. फार नीट काम केलं त्यांनी. आता गवताचं बी टाकलंय. पाय देऊ नये अशी पाटी आहे.”

मैत्रीने वही उघडून टेबलावर ठेवली. फ्राऊ लेखनरनी ती स्वतःकडे ओढली, चष्मा लावला, सातही ओळींवरून बोट फिरवलं.

“नऊ,” त्या म्हणाल्या. “ते म्हणायचे, अर्ध्याहून कमी.”

बाहेर चेंडू भिंतीवर आपटला. क्रांती काहीतरी ओरडली, सुगत हसला.

भिंतीवरच्या घड्याळात दहा झाले. शनिवार होता, थडग्यावर पाणी घालायला जायचा दिवस. फ्राऊ लेखनर उठल्या आणि सिंकखालची हिरवी झारी काढून त्यांनी नळाखाली धरली. दफनभूमीतला नळ वाकून उघडणं त्यांना जमत नसे, म्हणून त्या पाणी घरूनच न्यायच्या. झारी अर्धी भरल्यावर त्यांनी नळ बंद केला, खुंटीवरचा कोट एका हाताने काढला आणि दारापर्यंत गेल्या.

तिथे त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग मागे आल्या आणि झारीतलं पाणी हळूहळू सिंकमध्ये ओतलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत.